अपेक्षित फायद्याचा रकाना

कोल्हापूरच्या बाजूला एका औद्योगिक वसाहतीत कुकरचा एक कारखाना आहे. तिथे एकदा एका वृद्ध शिक्षकांनी भरल्या सभेत असे काही केले, की मालक संतापले, पाहुणे अवाक झाले आणि त्यांची स्वतःची शिष्या शरमेने मान खाली घालून बसली.

कारखान्याचे मालक अण्णासाहेब चौगुले. त्यांचे कुकर दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात घरोघरी पोहोचले होते. कोणता कुकर कधी तयार झाला, त्याला कोणत्या लॉटचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला, तो कोणत्या दुकानात गेला, त्याबद्दल कोणाची काय तक्रार आली, हे सारे संगणकात नोंदलेले असे. नोंदी चोख होत्या. परंतु त्या नोंदींतून एखादी साधी यादी हवी असेल, तर संगणक विभागाकडे छापील अर्ज करावा लागे. त्या विभागाचे प्रमुख सबनीस. त्यांच्या हाताखाली दोन माणसे आणि टेबलावर अर्जांचा ढीग. यादी मिळायला महिना लागला तर ती लवकर मिळाली असे लोक समजत.

म्हणून अण्णासाहेबांनी ठरवले की ज्याला माहिती हवी त्याने स्वतःच संगणकाला विचारावे आणि उत्तर पडद्यावर यावे, असे एखादे साधन विकत घ्यायचे. तीन कंपन्या आपापली साधने घेऊन पुढे आल्या. तिन्हींतले कोणते घ्यावे, हे ठरवायला त्यांनी सोवनी सरांना बोलावले.

सोवनी सरांनी चौतीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले होते. निवृत्तीनंतर लहानमोठे उद्योजक त्यांचा सल्ला घेत. ते कमी बोलत आणि आवाज कधी चढवत नसत. त्यांच्याबरोबर शलाका मगदूम नावाची त्यांची जुनी विद्यार्थिनी काम शिकत होती. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आली होती. हुशार, कष्टाळू आणि टिपण ठेवण्यात कोणाला हार न जाणारी अशी ती मुलगी होती.

सरांनी तिला आधी पाठवले. आठ दिवस ती कारखान्यात राबली. कारखान्याच्या नोंदींची एक वेगळी प्रत काढून घेऊन तिने ती तिन्ही साधनांत भरून घेतली, म्हणजे तपासणीमुळे रोजचे काम अडायला नको. अण्णासाहेबांशी बोलली, सबनीसांशी बोलली, विक्री व्यवस्थापकांशी बोलली. मग तिने एक मोठा तक्ता तयार केला. त्यात एक्केचाळीस कसोट्या होत्या: वेग किती, आलेख किती प्रकारचे, मोबाइलवर दिसते का, सुरक्षितता कशी, आणि असेच पुष्कळ. प्रत्येक कसोटीला गुण दिले. पहिले साधन नामांकित होते, त्याला अठ्ठ्याहत्तर गुण पडले. दुसऱ्याला साध्या शब्दांत प्रश्न विचारला की ते रंगीत चित्र काढून दाखवी, त्याला अठ्ठ्याऐंशी. तिसरे अगदीच साधे, नुसत्या रकान्यांचे होते, त्याला एक्कावन्न.

नवव्या दिवशी सकाळी सर आले. त्यांनी तक्ता शेवटपर्यंत वाचला, काम नीट केले आहेस म्हणाले आणि सबनीसांकडे वळून त्यांनी एक अनपेक्षित मागणी केली. आजवर यादीसाठी आलेले आणि पडून राहिलेले सगळे अर्ज त्यांना पाहायचे होते.

सबनीस ओशाळून हसले. अर्ज पुष्कळ आहेत, कंटाळवाणे आहेत, असे म्हणत त्यांनी दोन फुगलेल्या फायली आणून ठेवल्या. आत दोनशे सहा अर्ज होते. सर खिडकीपाशी बसले आणि एकेक वाचू लागले. शलाकाला मनातून त्रास होत होता. दुपारी साडेबाराला तिन्ही कंपन्यांची माणसे प्रात्यक्षिक दाखवायला येणार होती, आणि सर जुने कागद चाळत बसले होते. साधन घेतल्यावर या कागदांचे कामच काय, असे तिला वाटत होते.

बाराच्या सुमारास सर एका अर्जावर थांबले. मग मागे गेले, पुढे गेले आणि त्याच हस्ताक्षरातले आणखी दोन अर्ज त्यांनी काढले. तिन्हींत एकच मजकूर होता. “व्हॉल्व्ह लॉट ४७ चे किती कुकर तयार झाले व ते कोणकोणत्या दुकानांना गेले, याची यादी मिळावी. ह. मुल्ला, तक्रार विभाग.” पहिला अर्ज अकरा आठवड्यांपूर्वीचा होता. त्याच्यावर आणि दुसऱ्यावर लाल शाईने शेरा होता: “अपेक्षित फायदा हा रकाना रिकामा. पूर्ण भरून पाठवावे.” तिसऱ्यावर लिहिले होते, “विचाराधीन.”

सरांनी सबनीसांना विचारले की या लॉटचे काय आहे. सबनीसांना नीटसे ठाऊक नव्हते. पण तक्रार विभाग म्हटल्यावर त्यांना आठवले, आणि त्यांनी आवाज खाली आणून सांगितले, की तीन आठवड्यांपूर्वी निपाणीकडच्या एका गावात आपला एक कुकर फुटला. शोभा तेली नावाच्या बाई भाजल्या. उजवा हात आणि मान. तो कुकर त्यांनी नीट वापरला नसावा, असे कारखान्यात ठरले होते.

“कोणी ठरवलं?” सरांनी विचारले.

सबनीस फायली सारख्या करू लागले.

सर उठले आणि जिना उतरून तक्रार विभागात गेले. शलाका मागोमाग गेली. आठ दिवसांत ती या खोलीत पहिल्यांदाच येत होती. लहानशी खोली, दोन फोन, एक संगणक आणि टेबलामागे पंचेचाळिशीच्या हसीना मुल्ला. एकोणीस वर्षे त्या कारखान्याचे फोन घेत होत्या. सरांनी त्यांना अर्ज दाखवले आणि हे का विचारलेत, एवढेच विचारले.

हसीनाबाईंनी खणातून स्वतःची वही काढली. तीत सात फोनांची नोंद होती. सात गावे, सात बायका. प्रत्येकीच्या कुकरवर लॉट सत्तेचाळीसचा शिक्का.

“सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, सर,” त्या म्हणाल्या. “शिट्टी बंद होते, तरी व्हॉल्व्ह सुटत नाही. झाकण फुगल्यासारखं दिसतं. या बायका एकमेकींना ओळखत नाहीत, पण बोलतात शब्दाला शब्द तेच. मला वाटलं, हा माल अजून कुठं कुठं गेलाय ते कळलं तर दुकानांना फोन लावून थांबवता येईल. म्हणून अर्ज केला.” थोडे थांबून त्यांनी वहीचे पान उलटले. “आठवा फोन शोभाबाईंच्या नवऱ्याचा होता.”

ही वही वर कोणी पाहिली होती का, असे शलाकाने विचारले. महिन्याच्या अहवालात फक्त तक्रारींची संख्या वर जात असे, असे बाईंनी सांगितले. त्या महिन्यांत संख्या नेहमीपेक्षा कमीच होती, त्यामुळे तक्रार विभागाचे कौतुक झाले होते.

सरांच्या कपाळावरची शीर ताठ झालेली शलाकाला दिसली. दोन वर्षांत तिने त्यांना रागावलेले पाहिले नव्हते. त्यांनी तिथूनच सबनीसांना फोन लावून ही यादी आत्ता काढून मागितली. सबनीस म्हणाले की ते काम येणारा माणूस आजारी आहे, परवा येईल, दुसरा प्रात्यक्षिकाच्या तयारीत गुंतला आहे. सरांनी फोन खाली ठेवला आणि हसीनाबाईंना आपल्याबरोबर वर यायला सांगितले.

सभागृहात तोवर सगळे जमले होते. अण्णासाहेब पुढच्या खुर्चीवर, कंपन्यांची माणसे कडक इस्त्रीच्या कपड्यांत, टेबलावर चहा आणि बिस्किटे. पहिल्या कंपनीच्या माणसाने सुरुवातही केली होती. तिसरे चित्र पडद्यावर आले तेव्हा सर दारातून आत आले, सरळ पुढे गेले आणि त्याला थांबायला सांगितले. मग त्यांनी तिन्ही कंपन्यांच्या माणसांना आणि सबनीसांना अगदी मागच्या रांगेत बसवले आणि मी सांगेपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही अशी अट घातली. अण्णासाहेबांनाही त्यांनी उठायची विनंती केली. त्यांची खुर्ची संगणकासमोर ओढली आणि तिच्यावर हसीनाबाईंना बसवले.

सभेत कुजबुज सुरू झाली. अण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला. बाहेरून आलेल्या माणसांसमोर आपल्याला उठवले, आणि आपल्या जागी फोन घेणाऱ्या बाईला बसवले, हे त्यांना झोंबले होते. ही काय थट्टा चालवलीय, असे त्यांनी विचारलेही. शलाकाला तर जमिनीत गडप व्हावेसे वाटत होते. बाईंना धड येणार नाही, सगळ्यांसमोर त्यांची फजिती होईल, आणि सर हे सगळे स्वतःच्या रागापायी करत आहेत, असे तिला वाटले. हसीनाबाईही गोंधळल्या होत्या. आपल्याला संगणक येतो तो तक्रार भरण्यापुरता, असे त्या म्हणाल्या.

“तेवढाच पुरे,” सर म्हणाले. “तुम्ही अर्जात जे विचारलंत, तेच इथं विचारा. पहिल्यापासून सुरू करा.”

पहिल्या साधनाने बाईंसमोर नावांची एक लांबलचक यादी मांडली. सगळी नावे आद्याक्षरांची आणि आकड्यांची. कुकर कोणत्या नावाखाली आहेत, दुकाने कोणत्या, हे कळायला मार्ग नव्हता. वीस मिनिटे त्या प्रयत्न करत राहिल्या. न राहवून मागच्या रांगेतून त्या कंपनीचा माणूस म्हणाला की यासाठी आठ दिवसांचे प्रशिक्षण असते. सरांनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि बाईंना दुसऱ्या साधनाकडे वळायला सांगितले.

तिथे काम झटक्यात झाले. बाईंनी आपला प्रश्न मराठीत टाइप केला आणि चार सेकंदांत पडद्यावर नकाशा उमटला, त्यावर रंगीत ठिपके आणि वर आकडा: अडतीस दुकाने. अण्णासाहेबांचा चेहरा जरा सैल झाला. शलाकालाही हायसे वाटले, कारण तिने याच साधनाला सर्वांत जास्त गुण दिले होते. पण हसीनाबाई नकाशाकडे बघत राहिल्या. गडहिंग्लजचा ठिपका यात नाही, असे त्या म्हणाल्या. गडहिंग्लजहून आलेला फोन त्यांनी स्वतः घेतला होता, कुकर सत्तेचाळीसचाच होता. आकडा कशावरून काढला, हे त्यांनी साधनाला चारदा विचारले. साधनाने चारदा तोच नकाशा दाखवला, दोनदा रंग बदलून.

मग तिसरे. दिसायला रुक्ष, पांढऱ्यावर काळे. पण एकेक पायरी समोर मांडणारे: आधी कोणत्या नोंदी घेतल्या, त्यांतून काय निवडले, कशाला काय जोडले. बाईंनी लॉटच्या रकान्यावर बोट ठेवले तेव्हा तिथे नोंदलेले सगळे क्रमांक, किती वेळा आले त्यासह, ओळीने खाली उघडले. आणि गोम तिथेच सापडली. कोणी ‘४७’ लिहिले होते, कोणी ‘०४७’, कोणी ‘एल ४७’. एकाच लॉटची तीन नावे, आणि दुसऱ्या साधनाने ती सगळी धरलीच नव्हती. बाईंनी तिन्हींवर खूण केली. दुकानांच्या नोंदी कोणत्या नावाखाली आहेत हे मात्र इथेही उमगेना. तेव्हा सरांनी सबनीसांना बोलायची परवानगी दिली, आणि सबनीसांनी जागेवरून दोन शब्दांत ते नाव सांगितले.

यादी आली. एकसष्ट दुकाने, एक हजार नऊशे बारा कुकर. गडहिंग्लजचे दुकान एकोणिसाव्या ओळीवर होते. शोभाबाईंनी जिथून कुकर घेतला ते दुकान तेविसाव्या.

सरांनी घड्याळ पाहिले. या साधनावर एकंदर पंचवीस मिनिटे लागली होती.

सबनीस उभे राहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. दोन माणसांत दोनशे अर्ज उरकायचे म्हणून त्यांनीच तो छापील अर्ज तयार केला होता, ज्यात कामाचा फायदा लिहिलेला असेल ते काम आधी, अशी शिस्त ठेवली होती, हे त्यांनी सांगितले. रकाना रिकामा होता म्हणून खालचा मजकूर मी वाचलाच नाही, असेही त्यांनी कबूल केले.

हसीनाबाईंनी खुर्ची वळवून त्यांच्याकडे पाहिले.

“साहेब, काय लिहायचं होतं त्यात?”

सबनीस खाली बसले.

तेव्हा सोवनी सर बोलले. आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“अण्णासाहेब, कोणतं साधन घ्यावं असं तुम्ही मला विचारलंत. अकरा आठवड्यांपूर्वी तुमच्या कारखान्यात एका बाईला एक प्रश्न पडला. धोका पहिल्यांदा तिच्या कानावर आला, आणि तिनं तो नेमक्या शब्दांत कागदावर मांडला. उत्तर तुमच्याच संगणकात पडलेलं होतं. आज ते पंचवीस मिनिटांत मिळालं. मला राग येतो तो या पंचवीस मिनिटांचा. काम महिनाभराचं असतं, तर मी समजून घेतलं असतं. आपण साधन निवडताना ते दाखवतो कोणाला? ज्याला काही शोधायचं नाही, त्याला. म्हणून त्याला चित्रं आवडतात. ज्याला शोधायचं आहे, तो तळमजल्यावर बसलेला असतो, आणि त्याच्याकडून आपण फायद्याचा रकाना भरून मागतो. त्या शोभाबाईंचा हात भाजला त्या दिवशी तिसरा अर्ज चार दिवसांचा झाला होता. आणि तुम्ही ठरवलंत की चूक त्यांची.”

अण्णासाहेबांनी एक शंका काढली. उद्या सगळ्यांनाच सगळ्या नोंदी खुल्या केल्या, तर कोण काय बघेल आणि कुठे नेईल, याचा नेम काय. शंका खोटी नव्हती. सरांनी ती उडवून लावली नाही. कोणाचा पगार, कोणाचे आजारपण, असले जे झाकायचे ते झाकू, त्याची हद्द मी आणि सबनीस बसून आखू, असे ते म्हणाले. “पण आपला कुकर कुठल्या दुकानात गेला,” त्यांनी पुढे जोडले, “हे तक्रार ऐकणाऱ्या माणसापासून लपवायचं गुपित नाही.”

प्रात्यक्षिक तिथेच संपले. कंपन्यांची माणसे निघून गेली. एकसष्ट दुकानांची यादी छापून पाच जणांत वाटली गेली, आणि जो फोन मोकळा होता त्यावरून माणसे बोलू लागली. शलाकाच्या वाट्याला तेरा दुकाने आली. चिकोडीच्या दुकानदाराने तिला जरा थांबायला सांगितले. लग्नाच्या आहेराचा कुकर नुकताच रंगीत कागदात बांधून झाला होता, गिऱ्हाईक दारात उभे होते. फोनमधून तिला कागद फाटल्याचा आवाज आला. मग दुकानदाराने शिक्क्यावरचा आकडा वाचून दाखवला. सत्तेचाळीस.

संध्याकाळपर्यंत दुकानांतला माल थांबला. विकल्या गेलेल्यांसाठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागणार होती. नाव खराब होईल म्हणून अण्णासाहेब दोन दिवस अडून बसले. तिसऱ्या दिवशी हसीनाबाईंची वही मागवून त्यांनी ती स्वतः वाचली, आणि सही केली. चूक वापरणाऱ्या बाईंची आहे, हा कारखान्याचा निष्कर्षही त्यांनी लेखी मागे घेतला आणि ते पत्र घेऊन स्वतः त्या गावी गेले. शोभाबाईंनी ते डाव्या हाताने घेतले. उजव्या हाताची दोन बोटे आजही पूर्ण उघडत नाहीत.

कारखान्याने तिसरे साधन घेतले. सरांनी सबनीसांना बसवून रकान्यांची आद्याक्षरी नावे काढायला लावली आणि त्या जागी कारखान्यातली माणसे बोलतात ती नावे घातली. छापील अर्ज बंद झाला. सगळेच काही सुरळीत झाले असे नाही. अण्णासाहेबांनी आपल्या केबिनमध्ये रंगीत चित्रांचा एक मोठा पडदा लावून घेतलाच, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो कौतुकाने दाखवतात.

परतीच्या प्रवासात एस.टी.मध्ये शलाका तक्ता मांडीवर घेऊन बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारले की एक्केचाळीस कसोट्यांत माझे चुकले कुठे. सर म्हणाले की एकही कसोटी चुकीची नाही.

“मग?”

“त्या कोणाला विचारून लिहिल्यास?”

तिने आठवून पाहिले. मालक, संगणक प्रमुख, विक्री व्यवस्थापक. आठ दिवस ती रोज त्या जिन्यावरून चढली होती, आणि तळमजल्यावरचे फोन वाजताना तिला रोज ऐकू आले होते. त्या दुपारी सभागृहात तिला सरांची लाज वाटली होती. आता ती कोणाची वाटायला हवी होती, हे तिला कळले, आणि तिने तक्त्याची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

पुढच्या महिन्यात पंपाच्या एका कारखान्याने बोलावले. सरांनी तिला एकटीलाच पाठवले. मालक वर वाट पाहत आहेत, असे फाटकावरच्या रखवालदाराने तिला सांगितले आणि जिना दाखवला. ती जिन्याकडे वळली नाही.

“वर जाते नंतर,” ती म्हणाली. “आधी मला सांगा, इथं पंप बिघडल्याचा फोन कोण घेतं?”